हलका ब्रेक

कारध्याच्या नाक्यावर माझी चहाची टपरी आहे आणि टपरीला चिकटून विनोदचं गॅरेज. मधे नुसता ताडपत्रीचा पडदा. त्यामुळे गॅरेजात काय चाललंय ते मला कान न देता ऐकू येतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. चांगली माणसं दुसऱ्याच्या घरात डोकावत नाहीत आणि मग त्यांच्याजवळ सांगायलाही काही नसतं.

तर गोष्ट केशवरावच्या ट्रकची. केशवराव म्हणजे विनोदचा मोठेबाबा, सख्खा मोठा काका. विनोदचा बाप लवकर गेला. पोराला केशवराव आणि वच्छलाबाईंनी खुशबूच्या, म्हणजे आपल्या मुलीच्या बरोबरीनं वाढवलं. विनोदनं आयुष्यातला पहिला पाना फिरवला तो याच ट्रकच्या चाकावर. जुन्या काळचा, लांब नाकाचा ट्रक. पुढून बघितला तर रागावलेल्या मास्तरासारखा दिसतो.

वर्षभर तो ट्रक धानाची पोती गिरणीत न्यायचा, विटा आणायचा, कोणाचं घर हलवायचा. पण दसऱ्याला त्याच्याकडे दुसरं काम नसायचं. मागच्या उघड्या डाल्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरायची, तणसीवर सतरंज्या, आणि अख्खी वस्ती पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला निघायची. लेकरं, म्हातारी माणसं, ओल्या बाळंतिणीसुद्धा. केशवराव चालवतोय म्हटल्यावर कोणी काळजी करत नसे. त्याचा ब्रेक लागला तरी मांडीवरचं पोर जागं होत नाही, असं बाया सांगायच्या. आमच्याकडे कोणाचा भरवसा द्यायचा असला की अजूनही म्हणतात, केशवरावच्या पायासारखा माणूस आहे.

कॅबिनमधे त्याच्या शेजारी एकाच माणसाची ऐसपैस जागा. ती कधी भन्तेजींना, कधी एखाद्या पोटुशीला, कधी चालता न येणाऱ्या म्हातारीला. वच्छलाबाई दरवर्षी मागं तणसीवर. दरवर्षी केशवराव म्हणायचा, "पुढच्या साली तुले कॅबिनमधी बसवून नेतो." आणि दरवर्षी कोणाचे ना कोणाचे गुडघे आडवे यायचे. ती हसायची. पण हसणं हे काही उत्तर नसतं, हे तिच्या नवऱ्याला पक्कं माहीत होतं.

मग काळ बदलला. ट्रकमधे माणसं न्यायला बंदी आली, लोकांकडे गाड्या आल्या, एसटीच्या जादा बसेस सुटू लागल्या. ट्रक नुसता भोजनदानाचं सामान घेऊन जाऊ लागला. आमच्या गावाचा मंडप असतो तिथं, आल्यागेल्याला जेवण आणि माझा चहा. पुढे केशवरावच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि ट्रक घराजवळच्या चिंचेखाली उभा राहिला. सामान भाड्याच्या टेम्पोतून जाऊ लागलं.

यंदा पोळा झाला आणि केशवरावनं माझ्या टपरीवर जाहीर केलं, "डोळ्याचं आपरेशन करून घेतो. खुशबूकडं मोहाडीले रायतो आराम होयेपरेंत. अन् दसऱ्याले गाडी मीच नेतो. गुडघ्याचं कोणी नाव काढू नका, यंदा कॅबिनमधी खुशबूची माय बसन."

वच्छलाबाई तेव्हा बाजूच्या दुकानात साखर घेत होत्या. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पण चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता, ते मी पाहिलं.

आता एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्हीही केशवरावला आमच्यासारखंच हेकट म्हणाल.

केशवरावचा उजवा पाय घोट्यात वाकत नाही. खुशबूच्या जन्माआधीची गोष्ट. दसऱ्याहून परत येताना जुन्या पुलाच्या चढावर कोणी तरी लघवीला उतरायचं म्हणालं म्हणून त्यानं गाडी थांबवली आणि स्वतःही उतरला. हातब्रेक ओढायचा राहून गेला. गाडी माणसांसकट मागं सरकू लागली. त्यानं रस्त्याकडेचा दगड पायानंच चाकाखाली ढकलला. गाडी थांबली, पण दगड आणि चाकामधे त्याचा घोटा सापडला. आत बाया गाणी म्हणत होत्या. कोणाला काही कळलं नाही. त्यानं दात आवळून सगळ्यांना घरी पोचवलं आणि मग अंगणात बसून बायकोला पाय दाखवला. "कोणाले सांगजो नको," म्हणाला. "हातब्रेक विसरलो हे लोकायले समजलं तं गाडीत कोणी पाय नाही ठेवणार." दूरच्या गावच्या हाडवैद्याकडून पट्टी बांधून आणली. हाड जुळलं, घोटा मात्र कायमचा धरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ती मूठ नवराबायकोनं मिळून झाकली. त्याच्या चालण्याला आम्ही सगळे ड्रायव्हरची चाल म्हणायचो. कॅबिनमधे बसून बसून माणूस असाच चालतो, असं आमचं शहाणपण.

आणि गाडी तो चालवू शकला, कारण त्या ट्रकचा ब्रेक जमिनीतून वर आलेला होता. पेडलचा दांडा फरशीच्या खाचेतून निघायचा, त्याची बिजागरी खाली चासीवर. गुडघा उचलायचा आणि आख्ख्या पायाचं वजन टाचेवरून त्यावर सोडायचं. घोटा लागतच नाही. केशवरावचा पाय आणि ते पेडल एकमेकांना इतके सरावले होते की तो तव्यावर भाकर टाकावी तसा हलका पाय टाकायचा.

केशवराव मोहाडीला गेला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई गॅरेजात आल्या. मी चहा घेऊन पडद्यातून आत गेलो.

"विनोद, बाबू, गाडीचा ब्रेक हलका होते का रे?"

"हलका म्हंजे कसा, मोठी आई?"

"म्हंजे पाय लावला का थांबली पायजे. परवा गाडी चालू करून पाह्यली तुह्या मोठेबाबानं. ब्रेक माराले सीटवरून उठून उभा झाला माणूस. आता पयल्यासारखा जोर नाही राह्यला. नागपूरपरेंत कसं होईन?"

विनोदचे डोळेच चमकले. या पोराला काम दिसलं की भूक लागत नाही. तो म्हणाला, "मग हँगिंग टाकतो ना! आता साऱ्याच गाड्यायले पेडल वरून लटकलेला रायते. जमिनीतला कोनी ठेवत नाही. त्याच्यासंग बूस्टर बसवतो, म्हंजे आपला जोर कमी लागते. आरटीओचा पासिंगवालाही खूश अन् मोठेबाबाही खूश."

"पायाले तरास तं नाही होणार?"

"तरास? अवं मोठी आई, टाच खाली टेकवाची अन् नुसता चवडा दाबाचा. बोटानं दाबला तरी गाडी उभी."

वच्छलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. काही तरी विचारायचं होतं त्यांना. ओठ हलले, पण माझ्याकडे पाहून मिटले. मग म्हणाल्या, "बोटानंही थांबते म्हंतो तं मंग बरंच हाय. त्यायले आत्ताच सांगू नोको. आल्यावर पाह्यतीन." आणि चहा अर्धा ठेवून गेल्या.

विनोदनं ट्रक गॅरेजात आणला आणि दुसरी सगळी कामं बाजूला सारली. जुन्या पेडलला तो शिव्या देत होता, पण त्या लाडाच्या. ब्रेकच्या तेलाची डबी फरशीच्या खाली. तेल टाकायला पायाखालची फळी उचलावी लागायची. खाली चिखल, कोंडा, चाकाचं पाणी, सगळं तिच्या अंगावर. "असा कारभार होता पाहा इश्वरभाऊ," तो म्हणाला, "जीव वाचवणारी चीज अन् ठेवली कुठं, तं गटारात."

इंजिन आणि कॅबिनच्या मधे जो उभा पत्रा असतो त्याला हे लोक फायरवॉल म्हणतात. नवीन पेडल त्या पत्र्याला वरून लटकणार, तेलाची डबी पत्र्याच्या पलीकडे, बॉनेटखाली, हाताशी. पण जुना पत्रा पातळ. त्यावर पेडल बसवलं तर दाबताना पत्राच पुढं फुगेल आणि अर्धा जोर तिथंच जाईल, असं विनोदनं मला समजावलं. पत्र्याला मागून जाड लोखंडाचा आधार हवा. त्यासाठी तो कोपऱ्यातल्या भंगारात शोधत बसला. मग एकदम उठला आणि त्यानं जुन्या पेडलचा दांडा उचलला. चांगला जाडजूड, गावठी लोहाराच्या ऐरणीसारखा कणखर. त्यानं तो कापला, सपाट ठोकला आणि पत्र्यामागं आधार म्हणून वेल्ड करून टाकला.

"गाडीचं लोखंड गाडीतच राह्यलं पायजे," तो म्हणाला. "मोठेबाबाले सांगन का तुमचा पेडल फेकला नाही, त्याच्याच खांद्यावर नवा बसवला. खूश होईन बुढा."

किती मायेनं केलं होतं त्यानं हे!

फक्त पायाचा पट्टा उरला होता, जिथं तळवा टेकतो तो. विनोदनं तो उलटासुलटा करून पाहिला. "हे पाहा. खालूनच झिजला सारा, टाचेकडून. वरचे दाते तं कोरे हायत."

"बुढ्याची सवय," मी म्हणालो.

"सवयच," तो म्हणाला आणि पट्टा खिडकीत ठेवून दिला. मग फरशीची खाच त्यानं नवा पत्रा लावून बंद केली, घासून एकसारखी केली आणि वरून लाल रंग मारला. खाच होती कुठं ते शोधूनही सापडत नव्हतं.

केशवराव परत आला तो काळा चष्मा लावून, ऐटीत. नाक्यावर आधीच बातमी फुटली होती, त्यामुळे माणसं जमली होती. ऑटोवाला अमर म्हणाला, "केशवराव, डोळे नवे, ब्रेक नवा. वहिनी तेवढी जुनीच राह्यली का जी!" सगळे हसले. वच्छलाबाईंनी त्याच्या दिशेनं झाडू उगारला, हसत हसतच.

केशवराव कॅबिनचं दार उघडून आत बघत राहिला. वरून लटकणारं चकचकीत पेडल, खाली लाल सपाट फरशी. त्यानं चष्मा काढला, पुन्हा बघितलं. विनोद बाजूला उभं राहून सांगत होता, हे असं, ते तसं, तुमचा पेडल इथं मागं आधाराला लावला. सांगताना पोराचा चेहरा दिवाळीच्या पणतीसारखा उजळला होता.

केशवरावनं तेव्हाच सांगितलं असतं तर? पण सांगणार कसा? सगळा नाका समोर उभा. आणि ज्याला अंगाखांद्यावर वाढवला त्या पोराचा असा चेहरा. तो म्हणाला, "लय चांगलं केलं, बाबू." एवढंच. बायकोकडे एकदा पाहिलं. तिनं हसून मान हलवली. ती समजली नव्हती.

विहारातली मोठी पातेली, म्हणजे आमचे गंज, पराती, झारे दसऱ्यासाठी नदीवर घासायला न्यायचे होते. ते डाल्यात चढवले. भांड्यांबरोबर मी आणि वच्छलाबाई. "कॅबिनमधी या ना मोठी आई," विनोद म्हणाला. "दसऱ्याच्याच दिवशी बसीन," त्या म्हणाल्या. विनोद केशवरावच्या शेजारी बसला. केशवरावनं नेहमीसारख्या चपला काढून खाली ठेवल्या आणि गाडी सुरू केली. जुनं इंजिन काय सुंदर बोललं! अमरनं टाळ्या वाजवल्या.

वळणावर त्यानं पहिला ब्रेक मारला. पाय नेहमीसारखाच पडला असणार, गुडघ्यापासून आख्खा. पण हा ब्रेक बोटानं थांबणारा. गाडी नाकावर आपटल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. सगळे गंज धडाधड पुढं आले, मी परातीत पडलो, वच्छलाबाईंचं कोपर फळीवर आदळलं. मी शिवी हासडली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या कोपर चोळत नव्हत्या. मागच्या काचेतून केशवरावच्या पाठीकडे बघत होत्या आणि चेहऱ्याचा रंग पार उतरला होता.

"बाई गे," त्या पुटपुटल्या, "चवडा म्हणला होता तो. चवडा."

मला अर्थ लागला नाही.

गाडी पुन्हा निघाली आणि नदीच्या उताराला लागली. आता केशवराव घाबरून जपून पाय टाकत होता. टाच टेकवून चवडा दाबायला तो घोटा वाकत नव्हता, आणि पाय उचलून हळूच लावायला गेला तर तळवा पेडलच्या खालून सटकला. पेडल वर, पाय खाली, गाडी उतारावर. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी शिंगाड्याची टोपली घेऊन बसली होती. गाडी तिच्याकडे चालली.

"मोठेबाबा, ब्रेक! ब्रेक!" विनोद ओरडला आणि त्यानंच हातब्रेक खेचला. गाडी घसटत थांबली. म्हातारीच्या टोपलीला टायर लागला नाही, पण लागलाच होता म्हणा. दोन-चार शिंगाडे गडगडत चाकाखाली गेले.

"डोळे फुटले का रे तुहे?" म्हातारी कडाडली. नव्या डोळ्यांच्या माणसाला!

केशवराव खाली उतरला. त्यानं शिंगाडे उचलून म्हातारीच्या टोपलीत ठेवले, हात जोडले. मग किल्ली विनोदच्या हातात दिली. "मले नाही जमत, बाबू. दसऱ्याले तूच ने."

"काहून नाही जमत?" विनोदचाही जीव घाबरला होता आणि घाबरलेला माणूस रागावतो. "साध्या पोरीसोरी चालवतेत असा ब्रेक! तुमाले नवं काही चालतच नाही, हे सांगा ना सरळ. मी जीव ओतला याच्यात. जुनाच भंगार पायजे होता तं तसं बोलाचं होतं!"

केशवराव चपला हातात घेऊन तसाच अनवाणी घराकडे निघाला, त्याच्या त्या ड्रायव्हरच्या चालीनं. वच्छलाबाई त्याच्यामागं धावल्या नाहीत. डाल्यात गंजांच्या मधे बसून राहिल्या.

नाक्यावर मग व्हायचं तेच झालं. बुढा हेकट झाला. बुढ्याचा हात गेला. अमर तर म्हणाला, केशवरावचा पाय आता म्हणीतून काढा. मी चहा गाळत होतो. त्याला गरम चहाच पाजला असता तोंडावर, पण गिऱ्हाईक पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई गॅरेजात आल्या. मला म्हणाल्या, "इश्वरभाऊ, तुमीबी या. तुमी तसंबी पडद्यामांगून ऐकसानच." मग विनोदसमोर स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, हातब्रेकपासून हाडवैद्यापर्यंत. सांगताना रडल्या नाहीत. सरळ विनोदकडे बघत बोलल्या.

"मले त्या दिवशीच सांगाचं होतं, का त्याचा घोटा वाकत नाही बाबू. तोंडापरेंत आलं होतं. पण इतके वर्सं झाकलं ते ब्रेकसाठी काय उघडाचं, असं वाटलं. तू बोटानं म्हणला. मी म्हणलं, बोटानं थांबते तं घोट्याचं काय काम? अडाणी बाई मी. मले कॅबिनमधी बसाचं होतं ना! त्याची घाई झाली होती मले."

विनोदनं खिडकीतला पट्टा उचलला. खालून झिजलेला, वरून कोरा. तो त्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग एकदम म्हणाला, "मी जुना परत लावून देतो. आजच." आणि उठून ट्रककडे गेला. बॉनेट उघडलं, आणि तिथंच थबकला. जुन्या पेडलचा दांडा पत्र्यामागं होता. कापलेला, ठोकलेला, चारी बाजूंनी त्याच्याच हातानं पक्का जोडलेला. कोणाच्यानं निघू नये म्हणून केलेलं काम ते. विनोदनं बॉनेटवर कपाळ टेकवलं आणि तो रडला. एवढा दांडगा गडी, पण रडताना पुन्हा बापाविना उरलेल्या पोरासारखा दिसू लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही तिघं केशवरावच्या घरी गेलो. तो अंगणात ऊन घेत बसला होता, उजवा पाय लांब करून. आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं.

"मोठेबाबा, नागपूरच्या भंगारात जुन्या गाडीचा पेडल भेटते. मी फरशी कापतो. होता तसा करून देतो. दसऱ्याच्या आंधी."

"राहू दे, बाबू."

"काहून राहू दे? तुमी चालवू शकता! इतके वर्सं चालवली!"

केशवराव त्याच पायाकडे बघत बोलला. "चालवली, कारण या पायाले मालूमच नोहतं का तो चुकू शकते. आता मालूम झालं. त्या बुढीची टोपली पाह्यली ना मी. तू पेडल कोणताबी लाव, टाकाच्या आंधी हा पाय इचार करन. अन् इचार करणारा पाय ब्रेकवर नाही ठेवाचा, बाबू."

विनोद खाली बसला आणि त्यानं तो घोटा दोन्ही हातांत धरला. हाडवैद्य सोडला तर पहिल्यांदाच कोणी तरी बाहेरच्यानं धरला असेल. विनोद बाहेरचा नव्हता म्हणा.

वच्छलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "मीच सांगतलं त्याले ब्रेक हलका कराले," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी मीच काढून घेतली तुमच्यापासून. रागवा ना माह्यावर. असे चूप नोका राहू."

"कायचा रागावू?" केशवराव म्हणाला. "तोंड उघडू नोको, हे तुले मीच सांगतलं होतं ना. तू तं माहंच आयकलं."

यावर त्या रडल्या. आदल्या दिवसापासून रोखून धरलेलं सगळं रडल्या.

दसऱ्याच्या सकाळी ट्रक विहारासमोर उभा राहिला. निळे झेंडे, डाल्यात गंज, तांदळाची पोती, कांदे, माझ्या चहाचं सामान आणि बसायला थोडी तणीस. स्टेअरिंगवर विनोद. तो म्हणाला, "मोठेबाबा, तुमी अन् मोठी आई दोघंबी पुढं या. सरकून बसू."

"नाही," केशवराव म्हणाला. "कॅबिनमधी खुशबूची माय बसन. ऐसपैस. शब्द हाय माहा."

"अन् तुमी?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"तू इतके वर्सं मांगं बसली. आता मी बसतो."

पांढरं पातळ नेसलेल्या वच्छलाबाई कॅबिनमधे चढल्या. इतक्या वर्षांनी. मला वाटलं होतं त्या जरा तरी मिरवतील. त्या नुसत्या बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असल्यासारख्या.

केशवराव माझ्या शेजारी तणसीवर बसला. गाडी निघाली. नदीच्या उतारावर विनोदनं ब्रेक लावला. गाडी थांबली कधी ते कळलंच नाही. माझ्या हातातल्या कपातला चहा हलला नाही. एकही गंज दुसऱ्याला लागला नाही. केशवराव म्हणाला, "चांगला बसवला ब्रेक पोट्ट्यानं." मनापासून म्हणाला. पण पुढे नागपूरपर्यंत जेव्हा जेव्हा गाडी हळू व्हायची तेव्हा त्याचा उजवा गुडघा आपोआप उचलला जायचा आणि पाय तणसीत पडायचा. थोड्या वेळानं त्यानं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून तो दाबून धरला. मी दुसरीकडे बघत राहिलो. भोचक माणसालाही कधी कधी बघवत नाही.

दीक्षाभूमीच्या अलीकडे, आमचा मंडप लागतो तिथं गाडी थांबली. मी उडी मारून खाली आलो. वच्छलाबाई कॅबिनमधून उतरत होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मुद्दाम थट्टेनं विचारलं, "मंग वहिनी, कसा दिसला कॅबिनमधून रस्ता?"

"रस्ता नाही पाह्यला, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी सारा वेळ विनोदच्या पायाकडंच पाहत आली. किती सहज वाकते जी."

मग त्या मागं गेल्या आणि डाल्यापाशी उभं राहून त्यांनी केशवरावला उतरायला हात दिला. सगळं गाव बघत होतं. त्यानं तो हात धरला आणि उजवा पाय सांभाळत, हळूहळू खाली उतरला.